दिनानाथजींची पश्चिम

दिनानाथ शिरसाटांनी एकदा ठरवलं की ठरवलं. ते चुकीचं असलं तर जास्तच पक्कं. मिल बंद पडली, चाळीतली खोली सोडायची वेळ आली, आणि त्यांनी ठरवलं की आपलं नवं घर अस्सल ख्रिस्ती घर होणार. म्हणजे नेमकं कसं, हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि तेच नडलं.

झालं असं, की त्या दिवसांत इंदूरला वास्तूचं वारं सुटलं होतं. ज्याला त्याला संडास हलवायची घाई. प्लॉटशेजारचे परेशजी, पुण्याहून बदलून आलेले इंजिनियर, खिशात होकायंत्र घेऊनच हिंडायचे. त्यांनी आपण होऊन सल्ला दिला, चूल आग्नेयेला ठेवा. दिनानाथजी तडकले. "आमचा भरवसा प्रभूवर आहे भिया, दिशांवर नाही," असं सुनावून ते घरी आले आणि जाहीर केलं, वास्तू सांगेल त्याच्या बरोबर उलट बांधायचं.

(आता उलट करायचं तर आधी सुलट कळायला नको? म्हणून हा वास्तू न मानणारा माणूस रोज संध्याकाळी परेशजींच्या ओट्यावर जाऊन बसू लागला. पाण्याची टाकी? ईशान्येला. दार? पूर्वेला. अस्सल भक्तसुद्धा इतकं खोदून विचारत नसेल. परेशजी खूश, शिष्य मिळाला.)

घरात मनोरमाबाईंचं मागणं एकच होतं. चाळीत सारा संसार त्यांनी बिनखिडकीच्या कोपऱ्यात, धुरानं डोळे चोळत केला होता. आता शेगडीवर सकाळचं ऊन हवं होतं, बस.

"पूर्वेची खिडकी? ती तर वास्तूत बसते," दिनानाथजी म्हणाले. "ते व्हायचं नाही."

बाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

राहिल्या दिशा. दिनानाथजींची सगळी नोकरी रातपाळीची. सूर्य उगवायचा तेव्हा ते डोक्यावरून चादर ओढून घोरत असायचे. तो येतो कुठून, ही चौकशी त्यांनी कधी केलीच नव्हती. पण चर्चची वेदी पूर्वेला असते, हे लहानपणापासून ऐकलेलं. प्लॉटच्याच गल्लीच्या टोकाला, त्याच ओळीत त्यांचं चर्च होतंच. वेदी मागच्या बाजूला, म्हणजे ती पूर्व. दार रस्त्याकडे, म्हणजे ही पश्चिम. होकायंत्र हवंय कुणाला! त्यांनी प्लॉटवर चुन्याच्या रेघा ओढल्या आणि बाईंना बोलावून दाखवलं. स्वयंपाकघर वायव्येला, खिडकी पश्चिमेला, रस्त्यावर.

मनोरमाबाईंनी खिडकीच्या जागेकडे पाहिलं, चर्चकडे पाहिलं. तोंड उघडलं, मग मिटलं आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं."

लग्नापासून हे वाक्य त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. दिनानाथजींनी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

घराच्या आशीर्वादाची प्रार्थना सकाळी ठेवली. मंडळी जमली, शेजारधर्म म्हणून परेशजीही आले. पाळकसाहेब एकेका खोलीत प्रार्थना करत स्वयंपाकघरात पोचले. सगळ्यांचे डोळे मिटलेले. दिनानाथजींचे मात्र पापण्यांवर चटका बसून उघडले. खिडकीतून भसाभस ऊन आत येत होतं. पश्चिमेकडून. सकाळी.

आमेन होताच परेशजी होकायंत्र बघून गहिवरले. चूल आग्नेयेला, दार पूर्वेला, टाकी ईशान्येला! "पूरे इंदौर में इतकी शुद्ध वास्तू मी पाहिली नाही, दिनानाथजी."

दिनानाथजींनी चाचरत चर्चचा दाखला दिला. पाळकसाहेब हसायलाच लागले. रस्ता पूर्वेला होता म्हणून जुन्या लोकांनी दार तिकडे काढलं आणि वेदी गेली पश्चिमेला. देव काही रागावला नाही, म्हणाले.

पाहुणे गेल्यावर दिनानाथजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"तुला ठाऊक होतं?"

"दर रविवारी दाराजवळ पाठीवर ऊन घेऊन बसते मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही सुधारलं असतं," बाई म्हणाल्या आणि पोळी उलटली. ऊन त्यांच्या हातांवर पडलं होतं. इतका खुललेला चेहरा दिनानाथजींनी चाळीत कधी पाहिला नव्हता. त्यांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

ते बरं वाटणं पुढच्या रविवारपर्यंत टिकलं. चर्चहून परत येतात तो फाटकाशी परेशजी, बरोबर घर बांधायला निघालेली दोन जोडपी, हातात होकायंत्र. मनोरमाबाईंनी सगळ्यांना आत बसवलं, चहा दिला आणि पदर सावरत अभिमानानं सांगितलं,

"नकाशा यांनी स्वतः काढला. वास्तूवर फार श्रद्धा हो यांची."