कॉफीची बाटली

शनिवारी आलेल्या पाहुण्यांनी दारू न पिता त्याच संध्याकाळी आपापल्या घरी परत जायचं, असा ठराव मालतीबाईंनी एकमताने मंजूर केला होता. एकमताने म्हणजे त्यांच्या एकटीच्या मताने. प्रभाकररावांचं मत त्यांनी विचारलंच नव्हतं, कारण पाहुणे प्रभाकररावांचे होते.

प्रभाकररावांची सिल्वासाला बदली झाल्यापासून त्यांच्या चुलत भावाला, वलसाडच्या अनंताला, सिंहांबद्दल एकाएकी जिव्हाळा वाटू लागला होता. दर शनिवारी तो भगवंत आणि सुकदेव या दोन दोस्तांना फियाटमध्ये घालून वासोण्याची सफारी बघायला येई. सिंह बिचारे पहिल्याच खेपेला बघून झाले होते. त्यानंतरचे सगळे शनिवार मंडळींनी बाजारातल्या बारमध्ये काढले. गुजरातेत दारूबंदी आणि सिल्वासात दारूची दुकानंच दुकानं, एवढा भूगोल तिघांना तोंडपाठ होता. पिऊन परत जायची मात्र पंचाईत होती. नरोलीच्या पुढे हद्दीवर पोलीस गाडी अडवून तोंडाचा वास घेत. म्हणून वास जाईपर्यंत मुक्काम मालतीबाईंच्या बाहेरच्या खोलीत. रात्री घोरणं, सकाळी डोकेदुखी, मग लिंबूपाणी, मग कांदेपोहे, आणि शेवटी चादरी धुवायला मालतीबाई. त्यांचा रविवार असा चादरींबरोबर पिळून वाळत पडायचा.

पण हा रविवार वेगळा होता. मालतीबाई शाळेत हंगामी शिक्षिका होत्या आणि रविवारी सकाळी त्यांची खात्याची परीक्षा होती. पास झाल्या तर नोकरी कायम, नापास झाल्या तर जूनमध्ये घरी.

"अहो, या शनिवारी येऊ नका म्हणून कळवा ना भावजींना," त्यांनी आधी सरळ मार्ग धरून पाहिला होता.

"अगं, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?"

"तोंडाने."

प्रभाकरराव हसले आणि एसटीडी बूथवर गेलेच नाहीत. तेव्हा मालतीबाईंनी पदर खोचला. शाळेतल्या जयाबाईंनी कुण्या साहेबाच्या बंगल्यावर एक विलायती कॉफी प्यायली होती. मूळच्या कृतीत व्हिस्की घालतात म्हणे, पण जयाबाईंना बिनव्हिस्कीची दिली होती. करपवलेली साखर, दाट कॉफी आणि वर फेटलेल्या सायीचा जाड थर. "एक ग्लास प्यायले आणि रात्री जेवलेच नाही बघा," असं जयाबाईंनी सांगितलं होतं. मालतीबाईंचं गणित सोपं होतं. बारमध्ये जाण्याआधीच पाहुण्यांची पोटं कॉफीने ठासून भरायची. पोटात जागा नाही म्हणजे दारू नाही, दारू नाही म्हणजे वास नाही, आणि वास नाही म्हणजे मुक्काम नाही.

शनिवारी दुपारी त्यांनी साखर करपवायला घेतली. पहिल्यांदा तिचा कोळसा झाला. दुसऱ्यांदा इतका धूर झाला की शेजारच्या सरुबाई "काय जळालं हो?" म्हणून विचारून गेल्या. तिसऱ्यांदा मात्र रंग असा सुरेख उतरला की मालतीबाईंनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. त्यात दाट कॉफी उकळून पातेलंभर अर्क झाला. वर विलायतेत नसतं ते जायफळही किसून घातलं, कारण जायफळाशिवाय कॉफी त्यांच्या माहेरी कोणी आजाऱ्यालासुद्धा दिली नव्हती.

सायीचं काम प्रभाकररावांकडे होतं. "नुसती फुलेपर्यंत घुसळा," एवढंच सांगून मालतीबाई पुस्तक घेऊन बसल्या. बालमानसशास्त्राची दोन पानं होतात न होतात तोच आतून विजयी हाक आली, "आलं गं, आलं!"

"काय आलं?"

"लोणी! काय छान गोळा आलाय बघ."

"अहो, लोणी कुणी मागितलं होतं?"

"हातात रवी दिलीस ना तू? लोणी आल्याशिवाय रवी खाली ठेवली असती तर आमच्या आईने हात मोडला असता."

दारात फियाटचा हॉर्न वाजला. आता नवी साय आणायची कुठून? मालतीबाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी प्रत्येक ग्लासात गरम दूध आणि अर्क ओतला आणि वर लिंबाएवढा लोण्याचा गोळा सोडला.

अनंताने दारातूनच घाई सुरू केली. "वहिनी, बसत नाही हं, जरा बाजारातून येतो."

"कॉफी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, भावजी."

वहिनींचा आवाज ऐकून तिघेही मुकाट्याने बसले. एक घोट घेतला, दुसरा घेतला. बाहेर थंडी होती, आत तीन मिशांवर लोणी होतं.

"वहिनी, हे आहे तरी काय?" अनंता म्हणाला. "पोटात कुणीतरी शाल पांघरल्यासारखं वाटतंय."

"अजून मळशे?" वलसाडला जन्म गेलेल्या सुकदेवने ग्लास पुढे केला.

दुसऱ्या ग्लासानंतर भगवंताने पट्टा सैल केला आणि जाहीर केलं, "आज बारबिर काही नको. नुसतं पाण्याचं नाव काढलं तरी गच्च वाटतंय. घरी जाऊ या."

मालतीबाईंना आनंदाने ओरडावंसं वाटलं. पण त्या फक्त "बरं, जपून जा" एवढंच म्हणाल्या. प्रभाकररावांना मात्र भावाचं प्रेम आवरेना. त्यांनी उरलेला अर्क बाटलीत भरून अनंताच्या हाती दिला. फियाट गेली. मालतीबाई पुस्तक उघडून बसल्या आणि सिल्वासात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना शनिवारी संध्याकाळी घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

धडा संपत आला तोच दारात पुन्हा हॉर्न वाजला.

"वहिनी, घोळ झाला," अनंता आत येत म्हणाला. "पोलिसाने वास घेतला, आला नाही. म्हणूनच त्याला संशय आला! म्हणे शनिवारी संध्याकाळी तीन पुरुष सिल्वासाहून कोरडे येतील कसे? गाडी उचकली आणि ही बाटली सापडली. म्हणे, बाटलीसकट मागे फिरा, नाहीतर चौकीवर चला."

त्याने बाटली वर धरली. तिच्यावर रमचं लेबल होतं, बुचाला जुन्या रमचा वास, आत रमच्याच रंगाचा अर्क. सिल्वासात घरोघरी रॉकेल, फिनेल, काकवी, सगळं रिकाम्या दारूच्या बाटल्यांतच भरलेलं असे. भंगारवाल्याकडे त्या स्वस्तात मिळत. त्या रोज बघून बघून लेबल वाचायची सवयच कुणाला उरली नव्हती.

"मग त्याला चाखून बघायला सांगायचं ना!" मालतीबाई म्हणाल्या.

"सांगितलं. म्हणतो, ड्यूटीवर दारू चाखू कसा? म्हटलं, दारू नाही. म्हणतो, ते चाखल्याशिवाय कळणार कसं?"

"ताडाखाली बसून दूध प्यालं तरी ताडीच," प्रभाकरराव सुस्कारा टाकून म्हणाले. "अगं, गाद्या घाल. उद्या उजेडी बघू."

गादीचं नाव काढताच मालतीबाईंच्या डोळ्यांपुढे चादरी उभ्या राहिल्या. "एकही गादी निघणार नाही," त्यांनी बाटली हिसकावून घेतली. "चला गाडीत. तुम्हीपण चला."

हद्दीवर पोलीस शेकोटीपुढे खुर्चीत बसून हात शेकत होता. मालतीबाई फियाटमधून उतरून तरातरा त्याच्यापुढे गेल्या.

"आ कॉफी छे," त्या म्हणाल्या.

"बेन, बधा एवुंज कहे छे," पोलीस थंडपणे म्हणाला. सगळे असंच म्हणतात, हे त्याचं अनुभवाचं बोलणं होतं.

"असं? मग बघा." मालतीबाईंनी बूच काढलं, बाटली तोंडाला लावली आणि मान मागे टाकून घटाघटा प्यायला सुरुवात केली. नेमकी त्याच वेळी गुजरातकडून एक जीप आली आणि तिचे दिवे थेट त्यांच्या अंगावर पडले. जीपमध्ये माकडटोपी घातलेले एक गृहस्थ होते. पापभीरू चेहऱ्याची, काठापदराची साडी नेसलेली एक बाई भर रस्त्यात रमची बाटली रिचवते आहे हे पाहून त्यांनी टोपी कपाळावर सरकवली आणि जीप पुढे जाईपर्यंत मान वळवून बघत राहिले. मालतीबाईंनी शेवटच्या थेंबापर्यंत बाटली संपवली, एका पायावर उभ्या राहून दाखवलं आणि पंचवीसचा पाढा म्हटला.

पोलीस उठून उभा राहिला. त्याने हात जोडून फियाट सोडली. प्रभाकरराव आणि मालतीबाई नरोलीहून रिक्षाने घरी परतले.

एवढी कॉफी पोटात गेल्यावर झोप कुठली? मालतीबाईंचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून झालं आणि सकाळी त्या टवटवीत चेहऱ्याने परीक्षेला गेल्या. पण वर्गात पर्यवेक्षक आले आणि मालतीबाईंनी उत्तरपत्रिका चेहऱ्यापुढे धरली. ते माकडटोपीवाले गृहस्थ होते. टोपी आज नव्हती, नजर तीच होती. आता हा माणूस वर कळवणार आणि कायम होण्याआधीच आपली नोकरी जाणार, या धास्तीने मालतीबाईंना पहिला प्रश्नसुद्धा धड दिसेना. तरी त्यांनी मनाचा हिय्या करून पेन टेकवलं. मग मात्र ते थांबेना.

तास उलटल्यावर गृहस्थ हळूच त्यांच्या बाकापाशी आले.

"बाई, काल हद्दीवर तुम्हीच होतात ना?"

"साहेब, ती कॉफी होती."

"हो, हो, कॉफीच," त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. आवाज आणखी खाली आणला. "अख्खी बाटली घेऊन सकाळी एवढं वळणदार अक्षर? माझा तर दोन पेगांत दुसऱ्या दिवशी हात थरथरतो. कुठे मिळते ही? पुढच्या शनिवारी आम्ही चार दोस्त येऊ तुमच्याकडे."

आणखी चार! मालतीबाईंच्या डोळ्यांपुढे सात गाद्या तरळल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "जरूर या, साहेब. पण चौघेही बायकांना घेऊन या."

गृहस्थांचा चेहरा उतरला. ते खाकरले आणि जे शेवटच्या बाकाकडे गेले ते घंटा होईपर्यंत पुन्हा त्या रांगेत फिरकले नाहीत. मालतीबाईंनी मनसोक्त पेपर लिहिला.

इतकं जालीम औषध हाती लागल्यावर त्या गप्प कशा बसतील? घरी जाताना त्यांनी स्वतः बूथवरून वलसाडला फोन लावला आणि भावजींच्या बायकोला, कुसुमला, आग्रहाचं आमंत्रण दिलं. "पुढच्या शनिवारी भावजींबरोबर तुम्ही तिघी बायकासुद्धा या गं, कॉफी प्यायला." आता बायका बरोबर म्हटल्यावर पुरुष कशाला येतात! प्रभाकरराव आठवडाभर उदास होते.

पुढच्या शनिवारी दुपारी दारात फियाटचा हॉर्न वाजला. मालतीबाई चमकून बाहेर आल्या. गाडीत अनंता नव्हता, भगवंत नव्हता, सुकदेवही नव्हता. गाडी कुसुम चालवत होती आणि मागे भगवंताची आणि सुकदेवाची बायको मांडीवर उशा घेऊन बसल्या होत्या.

"वहिनी, पोरांना त्यांच्या बापांजवळ सोडून आलो," कुसुम उतरता उतरता म्हणाली. "लग्न झाल्यापासून एकटं कुठे गेलोच नव्हतो हो. आता चांगलं सोमवारपर्यंत राहणार."

मालतीबाईंनी एकदा तिघींकडे पाहिलं, एकदा उशांकडे पाहिलं. मग त्या दिलखुलास हसल्या आणि आत वळून म्हणाल्या, "अहो, रवी घ्या."