बिगुलवाल्याची एक जून

भिंगारच्या डायमंड टॉकीजमध्ये घोड्यांचा इंग्रजी पिक्चर लागला, की मध्यंतरात पडद्यावरचे शिपाई खाली उतरून आपलं भरतीचं वय तपासून घेतात. कॅम्पाला लागून असलेलं गाव, घरटी एक माणूस फौजेत. कोवळं पोर लढाईवर धाडायचं नाही, मग ती लढाई पडद्यावरची का असेना, हा नियम इथं फार जुना. ज्याचं वय बसत नाही तो उरलेला पिक्चर बाहेरच्या बाकावर बसून काढतो.

तपासणीचं काम कितीतरी वर्षं हवालदार औटींकडे होतं. पडद्याखाली टेबल टाकून ते बसायचे आणि शेजारी थर्मास घेऊन त्यांच्या मथुराताई. शिपाई रांगेनं उतरायचे, अंगावरची धूळ झटकायचे. सगळे काळेपांढरे. औटी मिशीकडे बघायचे आणि म्हणायचे, "चालतंय, जा." सगळ्यात शेवटी बिगुलवाला जिमी. पिक्चरमध्ये त्याचं वय सतरा, आणि तोंडावर सुरकुत्या चाळिशीच्या. मथुराताई त्याला कपभर चहा द्यायच्या. औटी म्हणायचे, "याचा मामा मी आहे. सोडा वर." शेवटच्या रिळात जिमी टेकडीवर चढून बिगुल फुंकायचा, पलटण वेढलेल्या किल्ल्याच्या मदतीला धावून यायची, आणि इकडे औटी खुर्चीतून उठून टाचा जुळवून उभे राहायचे. "सूर जरा चढाच लागतो याचा," ते बायकोला सांगायचे, "पण मनापासून वाजवतो."

दिवाळीच्या तोंडावर औटी गेले. पुढं टॉकीजही विकली गेली, तिथं मंगल कार्यालय व्हायचं ठरलं. माघातल्या एका रविवारी शेवटचा खेळ लागला, तोच पिक्चर. मथुराताईंनी इस्त्रीची साडी नेसली, थर्मास भरला, नवऱ्याचा मरून मफलर गळ्यात घातला. गल्लीत ज्यानं विचारलं त्याला त्या सांगत गेल्या, "एवढा एकदा तो बिगुल कानावर पडू दे. मग खुशाल पाडा म्हणावं."

टेबलाशी आता सुभेदार रंगनाथ म्हस्के. त्याच गल्लीतले, पण हिशोबाला कडक. बाकीचे शिपाई त्यांनी घासूनपुसून पास केले. मग जिमी पुढं आला. इतकी वर्षं खाली उतरतोय म्हटल्यावर मराठी त्याला चांगली येत होती.

"वय?"

"सतरा, साहेब."

म्हस्क्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तोंड चाळीसचं दिसतंय."

"ते पहिल्यापासूनच तसं आहे."

"चाळीस असशील तर नवा रंगरूट म्हणून चालत नाहीस. सतरा असशील तर त्या देशात त्या काळी एकविसाच्या आतल्याला आईबापाची परवानगी लागायची. वाचून आलोय मी. आई कुठंय?"

"पहिल्या रिळात, दारात उभी आहे. तिला उंबऱ्याबाहेर यायचं काम दिलेलं नाही."

"मग बस बाकावर."

मशीनच्या खिडकीतून ऑपरेटर कदीरभाई ओरडले, "सुभेदारसाब, हा बसला तर पलटण यायची नाही! किल्ल्यातली माणसं तशीच अडकून राहतील. उद्या मशीन निघणार, पिक्चर संपवायचा कुणी?"

"त्याला माझा इलाज नाही."

जिमी बिगुल काखेत मारून दाराकडे निघाला. मथुराताई उठल्या.

"थांब रे. भाऊजी, परवानगी मी देते."

"वहिनी, तुम्ही कोण त्याच्या?"

"मामा गेला म्हणून मामी पण गेली का? इतकी वर्षं चहा पाजलाय त्याला. दोन चमचे साखर लागते, हे त्या दारातल्या बाईला तरी ठाऊक आहे का?"

"आणि हे तोंड?"

"फौजेत तोंड लवकर पिकतं. आमचे हे मिसरूड फुटायच्या आत भरती झाले. पहिल्या रजेवर आले तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहून विचारतात, कुणाकडचे पाहुणे म्हणायचे?"

सगळी टॉकीज हसली. म्हस्के हसले नाहीत. "जन्मतारीख सांगा."

"एक जून."

म्हस्क्यांचा पेन थांबला. ज्या पोराची तारीख घरात कुणाला आठवत नसे, त्याला मास्तर शाळेत घालताना एक जून लावून देत. भिंगारची एक अख्खी पिढी त्याच दिवशी जन्मलेली आहे. म्हस्केसुद्धा.

"वहिनी, ही तर गावाची तारीख झाली."

"मग तो काय परगावचा आहे?" मथुराताईंनी आवाज खाली आणला. "भाऊजी, तुमच्या भरतीच्या दिवशी तुमच्या आईनं साहेबापुढं ठणकावून अठरा सांगितलं, आणि घरी येऊन आमच्या सासूबाईंपाशी रडल्या. दुधाचा दात होता म्हणे अजून एक तोंडात."

"दाढ होती," म्हस्के हळूच म्हणाले.

त्यांनी जिमीच्या नावापुढं एक जून लिहून टाकलं. मग म्हणाले, "परवानगी दिली की जबाबदारी आली. रजा मिळाली की हा तुमच्याच पत्त्यावर येणार."

"येऊ दे की. खोली रिकामीच आहे."

जिमीनं थर्मासातला कपभर चहा घेतला. मथुराताईंनी गळ्यातला मफलर काढून त्याच्या गळ्यात बांधला. "टेकडीवर वारा असतो," त्या म्हणाल्या. तो वाकून पाया पडला आणि पडद्यात चढला.

शेवटच्या रिळात आभाळ, टेकडी, घोडे, सगळं नेहमीसारखं काळंपांढरं होतं, मफलर तेवढा मरून. बिगुलाचा सूर चढाच लागला. मथुराताई उठल्या आणि चपलांच्या टाचा जुळवून उभ्या राहिल्या. टेबलाशी म्हस्केही उभे होते. पलटण आली, किल्ला वाचला, दिवे लागले.

चैत्रात टॉकीज पाडली.

एक जूनला सकाळी मथुराताईंच्या दारातल्या शेवग्याला एक काळापांढरा घोडा बांधलेला दिसला. ओट्यावर वाळूनं भरलेले बूट होते, आणि दोरीवर मफलर वाळत होता. दूध आणायला निघालेले म्हस्के फाटकाशी थबकले.

"किती दिवसांची रजा?"

"महिन्याची. हळू बोला भाऊजी, झोपलाय तो," मथुराताई म्हणाल्या. "आणि हिरवा चारा सध्या चांगला कुणाकडं मिळतो, ते सांगा आधी."