खादाड वासराचा नियम

"अहो आई, आठशे किलोच्या बैलाला मी गोळी गिळायला लावतो! या हातांनी! बारा किलोच्या पोरीची काय कथा?"

डॉक्टर हे बोलून गेले आणि तिथेच फसले. डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. समोर बसल्या होत्या सासूबाई, आणि सासूबाई म्हणजे एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर. दोनशे मुलींना त्यांनी रोज भोपळा खायला लावला होता, आणि एकीनेही दुसऱ्यांदा तक्रार केली नव्हती. अशा बाईपुढे बढाई मारायची नसते. पण डॉक्टरांच्या जिभेला हाड नव्हतं.

विषय होता मिरीचा. मिरी म्हणजे डॉक्टरांची अडीच वर्षांची एकुलती एक लेक. तिच्या आईने नुकताच भाताच्या घासात वाटाण्याचा एकच दाणा लपवून भरवला होता. मिरीचं तोंड डावीकडे फिरलं, उजवीकडे फिरलं, भात खाली गेला आणि वाटाणा जिभेच्या टोकावर बाहेर आला. अख्खा! एक शीतही न चिकटलेला! तिने तो दोन बोटांत धरून ताटाच्या कडेला ठेवला. तिथे आधीचे गाजराचे दोन तुकडे बसलेच होते.

सासूबाईंनी चष्मा पुसला. "हे किती दिवस चाललंय?"

"वर्ष झालं गं आई!" डॉक्टरांच्या बायकोचे डोळे भरून आले. "दूध, भात, बिस्किट. रंगीत काही दिसलं की तोंडाला कुलूप! मी अगदी टेकीला आलेय."

"ठरलं तर. पुढच्या रविवारी येते. माझ्यादेखत वाटीभर भाजी खाल्ली तर उत्तम. नाहीतर मिरी माझ्याबरोबर चालली. खायला लागली की परत आणून सोडेन."

सासूबाईंचं गाव गाडीने नऊ तासांवर. संध्याकाळी डॉक्टर दवाखान्यातून आले की मिरी दारात धावत येऊन त्यांचा डगला हुंगायची आणि "आज गाय!" नाहीतर "आज भूभू!" असा निकाल द्यायची. सहसा चुकायची नाही. त्या निकालाशिवाय घरात शिरायचं, हा विचारच त्यांना सोसवेना.

सोमवारी त्यांनी कुत्र्यांवरचा हुकमी उपाय केला. केळ्याच्या आत गाजर! मिरीने केळं संपवलं आणि गाजर बाबांच्या बुटात ठेवलं. मंगळवारी जेवणाआधी दोन तास काही द्यायचं नाही, असं ठरलं. कडकडून भूक लागली की कोणीही खातं! दोन तासांनी भूक लागली, ती डॉक्टरांना. मिरी खेळता खेळता झोपून गेली.

बुधवारी डॉक्टर दवाखान्यात डोक्याला हात लावून बसले होते. एक जण वासरू घेऊन आला. "साहेब, खातच नाही हो!"

"त्यात काय!" डॉक्टर सवयीने म्हणाले. "एखाद्या खादाड वासराशेजारी बांधा. बघून बघून खायला लागतं." आणि ते ताडकन उठून उभे राहिले!

खादाड वासरू वरच्याच मजल्यावर होतं. टेलरबाईंचा तीन वर्षांचा गुब्बू! गुब्बू काय खात नव्हता? गाजर, भोपळा, पालक तर झालंच, पण कापडावर खुणा करायचा खडू, भिंतीचे पोपडे आणि एकदा अर्धा साबण.

"न्या की!" टेलरबाई पायाने मशीन चालवत म्हणाल्या. "रोज दोन तास न्या. माझी कामं तरी उरकतील. फक्त बटणांपासून लांब ठेवा!"

त्या संध्याकाळी दोघं शेजारीशेजारी बसली. गुब्बूने आपली वाटी दोन मिनिटांत चाटूनपुसून साफ केली. मिरी डोळे विस्फारून बघत होती. मग तिने आपल्या वाटीतलं गाजर उचललं! डॉक्टरांनी श्वास रोखला! तिने ते गुब्बूच्या तोंडात घातलं. मग दुसरं, तिसरं, अख्खी वाटी!

"अगं, तिने गाजराला हात लावला!" डॉक्टर आनंदाने ओरडले. "वर्षात पहिल्यांदा!"

"आणि पोट कुणाचं भरलं?" बायको म्हणाली.

गुरुवारी मिरीने भरवलं नाही, शिकवलं. तिने वाटाणा तोंडात घेतला, डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला आणि बाहेर काढून दाखवला. गुब्बू एखाद्या गवयाचा शागीर्द ऐकतो तसा तल्लीन होऊन बघत होता. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण डॉक्टरांनी शंभर गोठ्यांत ऐकली होती. कोणाचा गुण कोणाला लागेल, याची हमी मात्र म्हण देत नाही.

शनिवारी दार धाडधाड वाजलं. टेलरबाई! गळ्यात टेप, एका हातात गुब्बू, दुसऱ्या हातात भरलेली वाटी!

"काय केलंत माझ्या लेकराचं? ज्याने साबण सोडला नाही, तो भोपळ्याला 'ई' म्हणतो! हे बघा!"

त्यांनी भोपळ्याची फोड गुब्बूच्या तोंडात घातली. डावीकडे, उजवीकडे, बाहेर! अजून सफाई नव्हती, पण पोराला गती होती.

"होईल हो ठीक..." डॉक्टर चाचरले.

"होईल नाही, करा! जसा नेला तसा परत द्या! तोवर दोन्ही वेळचं जेवण इथेच!"

रविवार उजाडला. टेबलाशी दोन खुर्च्या, दोन वाट्या, दोन घट्ट मिटलेली तोंडं. सासूबाई घड्याळ काढून बसल्या. दहा मिनिटं, वीस मिनिटं! डॉक्टर हात जोडून गुडघ्यावर आले. "मिरी, राणी, एकच फोड गं! बाबासाठी!" मिरीने त्यांच्या डोक्यावरून प्रेमाने हात फिरवला. तोंड उघडलं नाही. डॉक्टरांना आता खरोखरच रडू यायला लागलं होतं.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तुमचा तो वासराचा नियम कळला मला. नियम बरोबर आहे. वासरू चुकलं. बसा तुम्हीच मध्ये, आणि खा."

त्यांनी तिसरी वाटी पुढे सरकवली. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी डॉक्टरांनी आजवर कोणाला सांगितली नव्हती. लग्नाला सात वर्षं झाली. सात वर्षं ते ताटातली भाजी "दवाखान्यातल्या सशांना" म्हणून डब्यात भरून नेत होते. बायको कौतुकाने जास्त वाढायची.

डॉक्टरांनी डोळे मिटून फोड तोंडात घेतली. मिरीचा चेहरा आठवला, नऊ तासांची गाडी आठवली. गिळ रे बाबा, गिळ! फोड डावीकडे गेली. उजवीकडे गेली. आणि जिभेच्या टोकावर बाहेर आली. अख्खी!

मिरीने टाळ्या वाजवल्या. गुब्बूनेही.

"अहो," बायको सावकाश म्हणाली, "दवाखान्यात ससे किती आहेत?"

"एक," डॉक्टर पुटपुटले. "होता. दोन वर्षांपूर्वी."

सासूबाईंनी घड्याळ पर्समध्ये टाकलं. "चला, बॅग भरा."

डॉक्टरांनी मिरीला छातीशी कवटाळलं. "आई, नका हो नेऊ! पाया पडतो! लहान आहे ती!"

"तिला कोण नेतंय? तुमची बॅग भरा. हक्काची रजा किती उरलीय?"

"बारा दिवस!" बायकोने तत्काळ सांगितलं.

डॉक्टरांना सासूबाईंच्या गावी जाऊन आज पाच दिवस झाले. काल बायकोचा फोन आला होता. बिचारीला हसू की रडू असं झालं होतं. मंगळवारपासून मिरी वाटी संपवते. गाजर, वाटाणे, भोपळा, सगळं! कोणी काही केलं नाही. समोर बाबा नाहीत, एवढंच. गुब्बूही सुधारला, परवा त्याने खडू खाल्ला.

"तुम्ही कधी सुटताय?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी दार ओढून घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"कसं सांगू? माझी अजून सोमवारचीच वाटी चालू आहे."