ओढ्याकाठच्या चिखलात दंतवैद्यसाहेब शरण आले त्याची हकीकत

आकाशमार्गे येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांस वाट देणाऱ्या, ढगांवर हुकमत चालविणाऱ्या आणि घरातील सर्व मसलतींच्या धनी ज्या बाईसाहेब, त्यांचा हुकूम सुटला की, मंगळवारी रानात जो बाका प्रसंग गुदरला ते समयी आम्ही विमानतळाच्या मनोऱ्यात कामावर होतो, फोन कपाटात कुलूपबंद होता, सबब आम्हांस काही कळले नाही. तरी कोण कोठे उभे होते, कोण काय बोलले, आणि आमचे यजमान नखशिखांत माखून घरी का आले, हे काडीमात्र न लपविता लिहून हजर करावे. त्या हुकमास मान देऊन ही हकीकत लिहिली आहे. यात कमी काही केले नाही. वाढविला असेल तर चिखल तेवढा वाढविला आहे, आणि तोही वीतभरच.

राजश्री दंतवैद्यसाहेब, दाढांचे कर्दनकाळ, किडीचे हाडवैरी, यांचा दवाखाना बाजाराच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाचे माडीवर होता. तेथील फरशी इतकी शुभ्र की रोगी पायताण हातात धरून आत येत, आणि ट्रेमध्ये हत्यारे ऐसी ओळीने मांडलेली की एक जरी वाकडे जाहले तरी साहेबांस अन्न गोड लागत नसे. साहेबांनी हात धुवावे, मग हातमोजे चढवावे, मग शंका येऊन हातमोजे उतरवून पुन्हा हात धुवावे, ऐसा शिरस्ता होता. त्यांनी “आ करा” म्हणताच भले भले मिशीवाले तोंड उघडून शरण येत. परंतु पोटची कन्या, जिला घरात चिमी म्हणत, तिच्यापुढे साहेबांची मात्रा चालत नसे.

कन्या घरात अखंड बोले. न्हाणीघरात बोले, झोपेत बोले, पावाच्या तुकड्याशी बोले, आणि आईस ऐसे सवाल करी की मनोऱ्यावर विमानांशी बोलणे सोपे वाटावे. मात्र घराचा उंबरठा ओलांडताच वाचा बंद होई. शाळेत बाईंनी आधी लाडीगोडी लावली, मग बक्षिसाचे आमिष दाखविले, आणि एके दिवशी तिच्या तोंडून चुकून “पाणी” हा शब्द निघताच साऱ्या वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. ती जी घाबरली ती त्या दिवसापासून तेवढाही शब्द बोलेनाशी जाहली. मग उभयतांनी मसलत करून कन्येस शाळेतून काढिले आणि घरीच विद्याभ्यास मांडिला. गणित स्वयंपाकघराच्या टेबलावर चाले आणि भूगोल दिवाणखान्याच्या गालिच्यावर.

ही वार्ता पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या साहेबांच्या मातोश्रींस कळली आणि त्या खासा चालून आल्या. त्यांनी फर्माविले की, पोर घरात कोंडून घुमी कराल, तिला माणसांत सोडा, आणि थंडी सरेतो चारचौघांत बोलली नाही तर मुकाट्याने पुन्हा शाळेत घाला. साहेबांनी मान डोलाविली. बाईसाहेबांनी डोलाविली नाही, परंतु रात्रीच्या पाळीची वेळ जाहल्याने तकरार तेथेच राहिली.

माणसांत सोडावयाचे म्हणून रानशाळेचा शोध लागला. घरीच शिकणाऱ्या मुलांची काही कुटुंबे दर मंगळवारी गावाबाहेरच्या रानात जमत, आणि मुले काटक्या मोडीत, पाने गोळा करीत, किडे पाहत, विस्तव पेटवीत. या मुलखाच्या सुभेदार रानताई म्हणून होत्या. त्यांचे कायदे थोडे परंतु करडे: मुलास उगाच सवाल करू नये, मूल काही करीत असता आपला हात मध्ये घालू नये, आणि आईबापांपैकी एकाने दिवसभर रानात हजर असावे. बाईसाहेबांस मंगळवारी सुटी मिळेना. तेव्हा साहेबांनी दवाखान्यास टाळे लाविले आणि स्वारी रानात दाखल जाहली.

साहेबांचा सरंजाम काय वर्णावा! एक ताडपत्री, तिजवर घडीची खुर्ची, खुर्चीशेजारी जंतुनाशकाची बाटली, ओले रुमाल, कोरडे रुमाल, आणि पायात दवाखान्यातलेच लखलखीत काळे बूट. रानताईंनी गमबूट देऊ केले, तर गमबुटात घाम साचतो आणि घामात जंतू माजतात ऐसा जबाब देऊन साहेब ताडपत्रीवर चढले. सारे रान एकीकडे आणि साहेबांची ताडपत्री एकीकडे, ऐसे कित्येक मंगळवार गेले.

कन्या मात्र पहिल्याच दिवशी ताडपत्री उतरली. बोलली नाही. लांब काठी घेऊन ओढ्याच्या काठाकाठाने फिरे, आणि काठी जमिनीत खुपसून पाही की येथे घट्ट आहे की बुळबुळीत. त्या रानात पाववाल्यांची जुळी मुले, एक भाऊ एक बहीण, मोठी वाचाळ होती. त्यांस कन्येचे मौन फार मानवले, कारण त्यांच्या बोलण्यात आड येणारे कोणी नव्हते. ती दोघे सांगत आणि ही मान हलवी, ऐसी तिघांची दोस्ती जमली. साहेब खुर्चीवरून पाहत, आणि कन्येचे ओठ हलले का म्हणून मान उंचावीत, आणि मग घड्याळाकडे पाहून सुस्कारा टाकीत.

त्या मंगळवारी आदल्या दिवशीच्या पावसाने ओढा फुगला होता आणि मुलांनी पूल बांधावयाचे घाटले. रानताई चढावर किटली उकळीत होत्या. जुळी फळ्या आणि ओंडके वाहत होती. पाववाले, जे अंगाने तीन पोत्यांएवढे आणि स्वभावाने पिठासारखे मऊ, ते दोरखंडाच्या गाठी सोडवीत होते. कन्या ओंडका कवेत धरून ओढ्यातल्या दगडांवरून चालली होती. दगड पक्के होते, तिने ते काठीने कितीदा तपासले होते. परंतु साहेबांस दुरून दिसले ते इतकेच की आपली पोर पाण्यावर आहे आणि ओंडका तिच्याहून मोठा आहे.

“चिमे!” ऐसी आरोळी ठोकून साहेब खुर्ची उलथून धावले. बाटली कलंडली, रुमाल उडाले, आणि ज्या पुरुषाने आजवर फरशीचा डाग ओलांडावयास वळसा घातला तो पुरुष नाकासमोर सरळ, ओढ्याकाठच्या गवताळ सपाटीवर घुसला. गवत हिरवे होते, सपाट होते, आणि त्याखाली जमीन नव्हती. पहिले पाऊल घोट्यापर्यंत गेले, दुसरे पोटरीपर्यंत, आणि मग साहेब जितके वर उठू पाहत तितके खाली जात, आणि चिखल ऐसा आवाज करी की जणू कोणी मोठ्या चवीने कढण भुरकत आहे.

मग एकच गलबला जाहला. पाववाले मदतीस धावले, साहेबांचे दोन्ही हात धरून जोर केला, आणि खुद्द त्यांचाच एक गुडघा चिखलाने गिळला. एक जुळे ओरडे, “ओढा, बाबा, ओढा!” दुसरे ओरडे, “ओढू नका, ढकला!” साहेब ओरडत, “माझा खांदा, अहो, माझा खांदा! मला उद्या दाढ काढायचीय!” पाववाले म्हणत, “आता दम धरा हो, मीच अडकलोय!” या धामधुमीत चिखल मांडीस लागला आणि साहेबांच्या चेहऱ्याचा रंग दवाखान्याच्या फरशीसारखा जाहला.

आणि ते समयी एक आवाज उठला.

“थांबा! सगळे थांबा!”

आवाज बारीक होता, किंचित खरखरीत होता, आणि त्या रानात तो कोणी कधी ऐकिला नव्हता. जुळी गप्प जाहली, हेच मोठे नवल. पाववाल्यांचे हात सुटले. रानताई किटली विस्तवावरच सोडून उताराने धावत आल्या आणि काठावर येताच थबकल्या, कारण पोर काही करीत होते. त्यांनी ओठांवर बोट ठेविले आणि बाकीच्यांस डोळ्यांनीच ताकीद दिली.

कन्येने ओंडका दगडांवर ठेविला, काठावर उतरून आपली काठी उचलिली आणि ती टेकीत टेकीत घट्ट जागेवरून बापाजवळ आली.

“बाबा, हलू नकोस. हललास की अजून आत जातोस.”

“नाही हलत,” साहेब म्हणाले. त्यांस पुढे बरेच बोलावयाचे होते. परंतु कन्या उघड्या रानात बोलत होती, आणि एक शब्द अधिक बोललो तर हे पाखरू उडेल, ऐसे भय वाटून त्यांनी जीभ दाताखाली धरिली.

“काका, तुम्ही तिकडून निघा, त्या झाडाच्या मुळाला धरून. आणि तुम्ही दोघं, फळ्या आणा. आडव्या टाका. उभ्या नाही, आडव्या!”

जुळी मुकाट धावली. फळ्या आल्या, पडल्या. पाववाले मूळ धरून सुटले आणि बाजूस उभे राहून धापा टाकू लागले.

“आता बाबा, तू खाली बस.”

“कुठे?”

“खाली. चिखलात.”

साहेबांनी खाली पाहिले. तो चिखल काळा होता, त्यात सडकी पाने होती, त्यात काहीतरी वळवळत होते, आणि त्या वळवळणाऱ्याचे नाव साहेबांस वैद्यकशास्त्राप्रमाणे ठाऊक होते. त्यांनी कन्येकडे पाहिले.

“चिमे, नुसता वाकलो तर नाही का चालणार?”

“नाही. बस म्हटलं ना! मागे टेक, फळीवर. मग एक पाय हलव, हळूहळू. बूट आला नाही तर राहू दे.”

मग दंतवैद्यसाहेब, ज्यांच्यापुढे मुलूखभरची तोंडे उघडत, त्यांनी डोळे मिटिले आणि ते बसले. गार चिखल विजारीत शिरला, सदऱ्यात शिरला, मानेपर्यंत चढला. ते फळीवर मागे रेलले, एक पाय हलविला, मग दुसरा, आणि कन्या “हळू, हळू, घाई नको” म्हणत राहिली, आणि चिखलाने मोठा उसासा टाकून दोन्ही पाय मोकळे केले. लखलखीत बूट मात्र आतच राहिले, आणि साहेब पालथे होऊन, कोपरांवर रांगत, कन्येच्या पायांशी घट्ट जमिनीवर येऊन पडले.

एरवी ऐसी फत्ते होती तर नगारे वाजते. परंतु पाववाल्यांनी टाळीसाठी हात उचलिले मात्र, तोच साहेबांनी चिखलातून मान वर करून त्यांजकडे ऐसे पाहिले की ते हात तसेच एकमेकांवर चोळावे लागले. कोणी शाबास म्हटले नाही. कोणी “अगं, तू बोललीस!” म्हटले नाही. रानताई फक्त म्हणाल्या, “किटली उकळली असेल,” आणि चढावर गेल्या. जुळ्यांनी विचारिले की पुलाचे पुढे काय करायचे, आणि कन्येने सांगितले की आधी ओंडका आणि मग फळ्या, आणि काम पुढे चालू जाहले. साहेब अनवाणी, मातीने लिंपलेले, एका बुंध्यास टेकून बसले. डोळे पुसावे तर हात घाण होते, म्हणून ते तसेच वाहू दिले.

मातोश्रींनी ही वार्ता ऐकून पुसिले की, मग आता ती बोलते ना? साहेबांनी खरे ते सांगितले. दुसरेच दिवशी जिन्यात शेजारीण भेटली, तिने कन्येस कुशल विचारिले, आणि कन्या बापाच्या पाठीमागे लपून गप्प राहिली. दवाखान्यात गप्प राहिली. बाजारात गप्प राहिली. तेव्हा मातोश्रींनी शाळेची गोष्ट तूर्त तहकूब केली आणि पुसिले की, त्या रानात म्हातारीस बसावयास कोरडी जागा आहे काय.

येणेप्रमाणे जे हाती आले ते रुजू करितो. रानाच्या फाटकापासून ओढ्यापर्यंत, आणि ओढ्यापासून नव्या पुलापलीकडच्या झाडीपर्यंत, इतक्या मुलखात कन्येच्या आवाजाचा अंमल बसला. जिना, बाजार आणि शेजारणीचे दार अद्याप परमुलखात आहेत, आणि त्यांजवर चाल करून जाण्याची कोणास घाई नाही. बाईसाहेबांनी ही हकीकत वाचावी, दोनदा वाचावी, रडू आल्यास रडावे, परंतु कन्येसमोर चकार शब्द काढू नये. ती आत्ता स्वयंपाकघरात पावाच्या तुकड्यास सांगत आहे की मंगळवार फार लांब आहे.