यंत्र निवडलं, आवाज पोचला

कार्यालयात कोण काय बोलतो याला फारसं महत्त्व नसतं. ते किती स्वच्छ ऐकू येतं, याला असतं. (बोलणारा वरिष्ठ असेल तर यालाही नसतं.)

तंजावूरच्या एका बियाणे संघाच्या शाखेत भागीरथीबाई अकरा वर्षं हंगामी कारकून होत्या. हंगाम कोणता, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जानेवारीत परिपत्रक आलं, की एकतीस मार्चला सगळ्या हंगामी जागा रद्द. चेन्नईच्या कचेरीसमोर फोनवरून आपली बाजू मांडायची परवानगी त्यांना मिळाली. अडचण एवढीच, की बैठकीचा जुना फोन शंभरातले चौदाच शब्द पोचवी आणि त्यांतले नऊ पंख्याचे असत.

शाखाप्रमुख तुळजाजींनी नवं यंत्र निवडायला पाच जणांची समिती नेमली. (खुर्च्या पाच होत्या.) नमुन्याला तीन यंत्रं आली. त्यांच्यापुढे बोलून पाहावं, हे कुणा अडाण्यालाही सुचलं असतं. पण समितीतले चौघे तिरुवैयारूच्या संगीत उत्सवात दरवर्षी पहिल्या रांगेत बसणारे. त्यांनी तंबोरा मागवला.

पहिलं यंत्र पंचम खातं म्हणून बाद झालं. दुसऱ्याने तंबोऱ्याला गोंगाट समजून पुसूनच टाकलं, तेव्हा त्याच्या निषेधाचा ठराव झाला. (माणसाचं बोलणं ते उत्तम टिपत होतं. हा दोष परिशिष्टात नोंदवला आहे.) तिसऱ्यापुढे तार छेडली आणि समितीतले ज्येष्ठ सीतारामराव डोळे मिटून डुलले. तरी खात्री म्हणून सकाळची श्रुती, दुपारची श्रुती आणि जेवणानंतरची श्रुती अशा चाचण्या सात आठवडे चालल्या. भागीरथीबाई प्रत्येक चाचणीला कॉफी देत आणि एकतीस मार्चला किती दिवस उरले ते पाहत.

"एकदां मी बोलून पाहूं काय?" त्यांनी शेवटी विचारलं. तुमची श्रुती कुठली, म्हणजे गाण्याचा मूळ सूर कोणता, असं तुळजाजींनी विचारलं. बाईंना ती ठाऊक नव्हती, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

अठ्ठावीस मार्चला बैठक झाली. चेन्नईचे महाव्यवस्थापक नटराज मूळचे तंजावूरच्याच राजवाड्यामागच्या मराठी गल्लीतले, त्यामुळे बाईंना घरच्या भाषेत बोलता आलं.

"अकरा वर्षें काम केलें, सार. घरांत कमावणारी मी एकटीच. मला काढूं नका."

यंत्राने एक अक्षर सांडलं नाही. पलीकडून नटराजांनी मांडीवर धरलेला तालसुद्धा स्वच्छ ऐकू आला.

"भेष," त्यांनी मैफिलीतल्यासारखी दाद दिली. "काय आवाज. यंत्र कोणतें तें?"

उरलेली चाळीस मिनिटं यंत्राविषयी बोलणं झालं. तसलंच यंत्र प्रत्येक शाखेला द्यायचं ठरलं, समितीचं अभिनंदन झालं आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं: 'भागीरथीबाईंचं म्हणणं उत्तम ऐकू आलं.'

ही हकीकत आजवर एकोणीस जणांना सांगून झाली. सगळ्यांनी यंत्राचं नाव विचारलं. एक एप्रिलला बाईंनी काय केलं, हे एकानेही विचारलं नाही. आपण विसावे. यंत्राचं नाव हवं असल्यास कळवावं.