पाटीवरचा जाडा माणूस

भिका नाना चित्रात कुणालाही बारीक काढत नसत. त्यांनी फाटकाजवळ खडूने मारुती काढला, तर त्यालाही पोट होतं. एकदा आरोग्य खात्याच्या माणसाने त्यांच्याकडून क्षयरोग्याचं चित्र काढून घेतलं. नानांचा क्षयरोगी चांगला बाळसेदार निघाला.

आम्ही दोघं धुळ्याच्या एका कापड मिलमध्ये होतो. नाना विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, मी टाइम ऑफिसात कारकून. आमची गाठ पडली ती इंग्रजीमुळे. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालो होतो आणि कुणी विचारलं नाही तरी ते सांगत असे.

नानांचे वडील मिलच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा त्याने वडिलांना एक जाडजूड बांधीव पुस्तक बक्षीस दिलं. वडिलांचा डोळा खरं तर सायकलवर होता. पुस्तकात शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी साप्ताहिकातली व्यंगचित्रं होती. उंच टोपीवाले मालक, संपावरचे मजूर, थंड पडलेली शेगडी, तिच्याकडे बोट दाखवणारी बायको आणि तिच्या झग्याला धरून उभी असलेली पोरं.

जेवणाच्या सुट्टीत नाना ते पुस्तक माझ्या टेबलावर उघडून ठेवत. "भाऊसाहेब, हाई काय लिखेल शे?"

प्रत्येक चित्राखाली दहा-बारा ओळींचा मजकूर असे. मजूर काहीतरी म्हणे, मालक त्यावर कोटी करी, पुढे कंसात आणखी खुलासा. मी घाम गाळून त्याचं मराठी करी. नाना शेवटपर्यंत ऐकून घेत आणि म्हणत, "इतलं लिखनं पडनं म्हणजे चितर जमनं नही."

पुस्तकातले संपवाले बहुतेक आळशी नाहीतर दारुडे दाखवलेले होते. त्यावर नानांचा निकाल ठरलेला असे. "हाऊ चितरवाला मालकना घर जेवस." बी. ए.च्या तीन वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

मग आमच्याच मिलमध्ये संप झाला. कारकून संपात नव्हते. त्यामुळे हजेरी लावायला कुणी येत नव्हतं आणि ती घ्यायला मी रोज वेळेवर जात होतो.

फाटकाजवळ एक काळी पाटी होती. कायम कामगारांपैकी कुणी गैरहजर असला की त्याच्या जागी कोणत्या बदली कामगाराला काम मिळणार, त्याचं नाव मी रोज सकाळी तिच्यावर लिहीत असे. बदलीवाले आले की आधी पाटी पाहत, मग एकमेकांकडे. संपात ती रिकामी पडली आणि नानांनी तिचा ताबा घेतला.

रोज एक चित्र. पुस्तकातल्या मालकाच्या डोक्यावरची उंच टोपी जाऊन शेठजींची काळी टोपी आली, शेगडीची चूल झाली, पावाची कळण्याची भाकर झाली. शेठ जाड, युनियनचे सेक्रेटरी आबा जाड, आणि संपवाले त्या दोघांपेक्षा जाड. शिवाय प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात पिशवी घेतलेला एक छोटा गोल माणूस असे. वर जे काही चाललेलं असेल त्याच्याशी त्याचा काही संबंध नसे.

"हा कोण, नाना?"

"शे एक."

संप चौथ्या महिन्यात गेला. कामगारांच्या पँटी दोरीने बांधलेल्या दिसू लागल्या. पाटीवर मात्र त्यांची पोटं वाढत होती. सुरुवातीला पाटीपुढे उभे राहून हसणारी माणसं आता तिकडे न पाहता पुढे जाऊ लागली.

तेवढ्यात कळलं की मंत्री येणार आणि फाटकावर पाच मिनिटं थांबणार. आबा तडक नानांकडे आले. मी खिडकीतून ऐकत होतो.

"नाना, तुन्हा पुस्तकमा तो हाडंवाला मजूर व्हता ना, तो काढ. मंत्रीना डोयामा पानी उनं पाहिजे."

"दुबळा माणूस मी काढस नही."

"अरे, बठ्ठास्ना पोटना सवाल शे!"

"म्हणीसनच काढस नही," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाटीवर एक संपवाला होता. त्याचं पोट पाटीच्या चौकटीबाहेर जाऊन भिंतीवर आलं होतं. मंत्री ते पाहून मनापासून हसले आणि म्हणाले, "वा, तब्येती उत्तम राखल्यात कामगारांनी!" हार घालून घेतला, जीप निघाली. पाच मिनिटांतली दोन उरली.

आबांनी खडूचा डबा गटारात फेकला आणि नानांचं नाव संपाच्या कमिटीतून काढलं. नानांच्या हाताखाली वीस वर्षं माग चालवलेला माणूस त्यांच्या पायाशी थुंकला. मलाही राग आला. मी संपात नव्हतो, त्यामुळे जरा जास्तच आला.

त्याच दुपारी जाब विचारायला मी त्यांच्या खोलीवर गेलो. नाना एकटेच राहत. खाटेवर ते पुस्तक उघडं पडलं होतं आणि त्यातलं हाडंवाल्या मजुराचं पान फाडलेलं होतं.

"मागला संपमा काढेल व्हता मी दुबळा माणूस," ते म्हणाले. "पुस्तकमा व्हता तसाच. फक्त तोंड दगानं."

दगा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, बदली कामगार. समोर तोच बसलेला, म्हणून नानांनी त्याचा चेहरा घेतला. चित्र इतकं जमलं की युनियनने ते कापडावर मोठं करवून मोर्चात पुढे धरलं. रस्त्याच्या कडेला दगाची बायको आणि तिच्या माहेरची माणसं उभी होती. नवऱ्याच्या बरगड्या गावातून मिरवताना तिने पाहिल्या. पोरं दगाला पाहून बरगड्या मोजून दाखवू लागली. तिसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन सुरतेच्या ट्रकमध्ये बसला. तेव्हापासून पत्र नाही, निरोप नाही.

"भांडना असता तं बरं व्हतं," नाना म्हणाले. "मले काहीच बोलना नही."

मला एकदम तो कोपऱ्यातला माणूस आठवला. "म्हणजे पाटीवरचा तो..."

"दगा." नानांनी दोन्ही हातांनी पोटाचं माप दाखवलं. "आते इतला जाडा व्हई गया व्हई. सुरतमा खावापिवानी चंगळ शे."

"पण पाटीवर कशाला?"

"बदलीवाला शे ना तो. परत उना तं पहिले पाटीच देखी."

मी विचारायला नेलेला जाब तसाच परत घेऊन आलो.

पंधरा दिवसांनी संप मिटला, कारण शेठजींना माल हवा होता. नाना खात्यात परत गेले. त्यांच्याशी फार कुणी बोलत नसे. पाटी पुन्हा माझ्याकडे आली. मी रोज ओल्या फडक्याने ती पुसायचो, तेवढा खालचा कोपरा सोडून. कोपऱ्यातला माणूस पुसट झाला की दोन दिवसांत पुन्हा ठळक होई, पहिल्यापेक्षा थोडा जाड.

नाना निवृत्त झाले. त्यानंतर महिनाभरात एका नव्या शिपायाने कामाचा उत्साह दाखवत अख्खी पाटी कोपऱ्यासकट लख्ख धुतली. बदलीवाले फाटकाशी येऊन उभे होते. मला चित्रातलं काहीच येत नाही. मी त्यांची नावं लिहिली, मग खाली वाकलो आणि कोपऱ्यात आधी पोट काढलं.