लोडचं काळीज

"यकृताचा भाग द्यायची तुमची तयारी आहे, फार चांगली गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाले, "पण त्यात चरबी आहे. असलं यकृत मी तुमच्या भावाला बसवू शकत नाही."

समोरची खुर्ची करकरली. खुर्चीत लोड बसला होता. दोघा भावांचं सोफे बनवायचं दुकान होतं आणि धाकटा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एकाच मापाचा, तक्क्यासारखा गच्च भरलेला. त्यामुळे थोरल्याने कधीकाळी ठेवलेलं हे नाव त्याला असं चिकटलं, की खरं नाव फक्त इस्पितळाच्या कागदावर उरलं होतं.

"वजन किती कमी करायचं?" वहिनीने विचारलं.

"आत्ता एकशे अठरा आहेत. पंच्याऐंशीच्या आत आणा. चार महिने आहेत आपल्याकडे."

"आणि नाही जमलं तर?"

"पेशंटचं नाव यादीत घातलंय. कुणी गेलं आणि घरच्यांनी दिलं, तर मिळेल. पण त्यावर भरवसा ठेवून बसू नका."

बाहेर आल्यावर दादाने विचारलं, "यकृत म्हणजे आपलं काळीजच ना रे?"

"हो."

"मग बरोबर आहे. तुझ्या काळजावर चरबी आहे. तरीच लहानपणापासून मी एवढा ओरडतोय आणि तुला काही लागत नाही."

दादाचं हे असंच. त्याने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, तरी यकृत म्हटलं की ऐकणाऱ्याची नजर बदलायची. शेजारी तर 'आता तरी सोडली ना?' असं आडून आडून विचारून गेले. दादा म्हणाला, "एवढी बदनामी होणार हे माहीत असतं, तर प्यायलो तरी असतो."

दुसऱ्या दिवसापासून घरात आणीबाणी लागू झाली. साखर वहिनीच्या कपाटात गेली, तेलाची बरणी माळ्यावर गेली, आणि लोडच्या ताटात उकडलेल्या भाज्या आल्या. पलीकडे दादाचं ताट बिनमिठाचं. दोघे भाऊ समोरासमोर बसून एकमेकांच्या ताटाकडे बघायचे. कुणालाच कुणाचा हेवा वाटत नसे.

लोडने चालायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेला आणि तिथल्या पायरीवर बसला. दुकानदाराने घाबरून पाणी दिलं. पण लोड हट्टाला पेटला होता. आईवडील गेले तेव्हा तो शाळेत होता. त्याला वाढवलं, धंदा शिकवला तो दादाने. त्या माणसाचं पोट आता पाण्याने फुगत होतं आणि डोळे हळदीसारखे पिवळे होत होते. पायरीवरून उठून लोड पुढे चालू लागला. हळूहळू तो नदीपर्यंत जाऊ लागला, मग पूल ओलांडून पलीकडे. अंगावरचे शर्ट आधी सैल झाले, मग लोंबू लागले.

आणि इथून घोटाळे सुरू झाले.

पहिला घोटाळा दुकानात झाला. सोफा तयार झाला की त्यावर लोडने धपकन बसायचं, ही दुकानाची जुनी परीक्षा. लोड बसून सोफा कुरकुरला नाही, की गिऱ्हाईक डोळे मिटून घेऊन जायचं. एका वकीलसाहेबांचा सोफा असाच पास झाला आणि त्यांच्या कार्यालयात गेला. चौथ्या दिवशी त्यांचा एक वजनदार अशील त्यावर बसला, खालचा पट्टा सुटला, आणि अशील थेट जमिनीला टेकला. वकीलसाहेब तणतणत दुकानात आले.

"तुम्ही स्वतः बसून पाहिलं होतंत ना?"

"बसलो होतो की."

वकीलसाहेबांनी त्याला वरून खाली न्याहाळलं. "तुमच्यात आता बसण्यासारखं उरलंय काय?"

दादा कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत पडून ऐकत होता. त्याच्या पोटातलं पाणी इस्पितळात जाऊन काढून घ्यायचे, ते पुन्हा भरायचं. तो पोटावर हात ठेवून म्हणाला, "लोड, मला उठव. यापुढे परीक्षा मी घेणार. एवढा साठा आहे, वाया कशाला घालवायचा?"

त्या दिवसापासून दादा सोफ्यांवर बसू लागला. दोन्ही बाजूंनी दोघांनी धरून त्याला बसवायचं, उठवायचं. वहिनी तेवढा वेळ आतल्या खोलीत जाऊन उभी राहायची.

मग आत्या आली. तिला फोनवर एवढंच कळलं होतं की दोघा भावांपैकी एकाचं काळीज गेलंय आणि दुसरा देणार आहे. कोण कुठला, हे तिने विचारलं नाही. आपल्याला डोळे आहेत, असं तिचं मत होतं. दारात गालफडं बसलेला, गळ्याची कातडी लोंबणारा लोड दिसला मात्र, तिने त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"काय रे तुझी ही दशा! कसा होतास, आणि काय झालास!"

"आत्या, अगं मी नाही..."

"बोलू नकोस. दम लागेल." मग ती आत गेली आणि पलंगावर पोट वर करून पडलेल्या दादाच्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, "तू मात्र बाळसं धरलंयस हो! तुझ्यातलंच दे त्याला थोडं."

दादाने लोडकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "देतो, आत्या. मागेल तेवढं देतो."

आत्या निघेपर्यंत लोड खरं काय ते सांगत राहिला, पण तिने ऐकून घेतलं नाही. ती गेल्यावर दादा इतका हसला, की त्याला धाप लागली आणि प्राणवायूची नळी लावावी लागली. "हसवू नका त्यांना," नळी लावता लावता वहिनी लोडवर डाफरली. लोडने कुणालाच हसवलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात काटा त्र्याण्णववर अडला, तो हलेना. एका दुपारी लोड कापड आणायला म्हणून बाहेर पडला आणि बेकरीत शिरला. आत काय झालं ते त्यालाही नीट आठवत नाही. बाहेर आला तेव्हा एक अख्खा केक संपलेला होता.

घरी वहिनीने त्याच्या कॉलरवरचा चुरा पाहिला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच जमिनीवर बसली. लग्न होऊन या घरात आल्यापासून 'आणखी एक घ्या, भावोजी' म्हणत तिनेच त्याला वाढलं होतं.

"त्यांच्या ताटात मीठ घालत नाही, तुमच्या ताटात तेल घालत नाही," ती म्हणाली. "आता चूल पेटवली की वाटतं, आपण कुणालातरी मारायला बसलोय."

आतून दादाने हाक मारली. लोड मान खाली घालून गेला.

"कसला होता?"

"चॉकलेटचा."

"वर क्रीम?"

"होतं."

"दार लोटून घे आणि नीट सांग. पहिल्या घासापासून."

लोड सांगू लागला. दादा डोळे मिटून ऐकत होता आणि मधूनमधून गिळत होता. केक संपल्यावर त्याने डोळे उघडले. "छान होता. आता ऊठ आणि चालायला जा. माझ्या काळजात केक राहायला नको."

लोड गेला. पूल ओलांडून, गाव संपेपर्यंत गेला. त्यानंतर त्याने बेकरीची गल्लीच टाकली.

महिन्याभराने काट्यावर चौऱ्याऐंशी आले. तपासणीत यकृत स्वच्छ निघालं. "पुढच्या सोमवारी करू," डॉक्टर म्हणाले. वहिनीने घरी येऊन कपाटाचं कुलूप काढलं आणि साखरेचा डबा नुसताच बाहेर मांडून ठेवला.

शनिवारी सकाळी फोन वाजला. यादीतलं यकृत आलं होतं. ताबडतोब निघा.

इस्पितळात दादाला आत नेत असताना लोड डॉक्टरांच्या आडवा उभा राहिला. "पण माझं तयार आहे! तुम्हीच म्हणालात स्वच्छ आहे म्हणून!"

"आहेच. पण हे मिळत असताना धडधाकट माणसाला कापायचं कशाला?"

"मग मी एवढे दिवस काय..." हे आपण काय बोलतोय, हे त्याला कळत होतं. तरी आपलं काळीज कुणीतरी दुकानातून परत पाठवल्यासारखं वाटत होतं. चाकाच्या पलंगावरून दादा म्हणाला, "चिडू नकोस. तुझं ठेव जपून. हे नाही चाललं तर बदलून घेऊ." आणि दार बंद झालं.

दिवस मावळायच्या आत डॉक्टर बाहेर आले. टोपी काढून म्हणाले, "झालं. नीट बसलंय. रंग धरलाय." वहिनी भिंतीला टेकून रडली आणि मग काचेतून बघायला आत धावली. लोडला एकदम भयंकर भूक लागली. आज अडवायला कुणी नव्हतं. खालच्या उपाहारगृहात जाऊन त्याने लोणी लावलेला मोठा बन घेतला आणि आवारातल्या बाकावर येऊन बसला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई होती. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पुरुषाचे बूट. शेजारी माणूस असा उपाशी बसलेला असताना लोडला खाववेना.

"ताई, थोडं घ्या यातलं."

तिने मान हलवली. "तुमचं कोण आहे आत?"

"भाऊ. आता बरा होईल म्हणतात."

"बरं झालं." ती बुटांकडे बघत राहिली. "आमच्या मुलाचं काल संपलं. गाडीवरून पडला. डॉक्टरांना म्हटलं, जे जे कुणाच्या उपयोगी पडेल ते घ्या. आता त्याला खाली आणतील, म्हणून थांबलेय."

लोडच्या हातातला बन तसाच राहिला. विचारावंसं वाटलं, पण काय विचारणार? हो म्हणाली तरी काय सांगणार?

बाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. बसलेले गाल, गळ्याची कातडी, दोघं मावतील असा शर्ट.

"किती वाळलात हो," ती म्हणाली. "भावाच्या काळजीने झालं असणार. खा तुम्ही."

चार महिने भेटेल त्याला लोडने खरी हकीगत सांगितली होती. आज तो काही बोलला नाही. तिच्या देखत त्याने तो बन खायला घेतला. घास उतरत नव्हता, तरी एकेक करून सगळा संपवला, आणि संपेपर्यंत ती माऊली त्याच्याकडे बघत होती.

"सावकाश," ती म्हणाली. "ठसका लागेल."